सारिकाची वीस मतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. पोरांचा खेळ तो, असं म्हणून ती हसली असती, आणि मलाही तेच ऐकायला आवडलं असतं.

मी प्राथमिक शिक्षक. तेव्हा खर्ड्याकडच्या एका शाळेत सातवीला शिकवायचो. दरवर्षी आम्ही शालेय मंत्रिमंडळ निवडायचो — चिठ्ठ्या, खोक्याची मतपेटी, बोटाला स्केचपेनची शाई. मोजणी मी एकटा करायचो. गुरुजींवर कोण संशय घेणार?

त्या वर्षी मुख्यमंत्रिपदाला दोघी उभ्या होत्या. सरपंचांची प्रणाली आणि ऊसतोड करणाऱ्या घरातली सारिका. ऑफिसात बसून चिठ्ठ्या उलगडल्या. सारिकाला वीस, प्रणालीला सहा.

मी आकडे उलटे सांगितले.

सरपंचांनी दबाव आणला होता का? छे! त्यांना निवडणूक आहे हेही माहीत नसावं. मीच मनाशी म्हटलं — सारिका दिवाळीनंतर आईबापाबरोबर कारखान्यावर जाणार, मग परिपाठ कोण घेणार? शिवाय शाळेवर नवे पत्रे टाकायचे होते, सरपंच खूश असलेले बरे. कारणं सापडायला मिनिटही लागलं नाही. खरं सांगू? मी घाबरट आहे, आणि त्याला व्यवहार म्हणायची मला सवय आहे.

निकाल ऐकून सारिकानेच आधी टाळ्या वाजवल्या. मग एकदा वळून मैत्रिणींकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

परवाच्या निवडणुकीआधी ती गावच्या फाट्यावर भेटली. कडेवर पोर, टोळीचं सामान ट्रकमध्ये चढत होतं. मी सवयीने म्हणालो, मतदान करून जायचं की.

"माज्या एका मतानं काय हुतंय, गुरुजी? मानसं तोंडावर एक बोलत्यात अन् चिठ्ठीवर दुसरंच लिव्हत्यात. शाळंत न्हाई का — समद्या जनी शपथ घिऊन म्हनल्या, तुलाच दिलं. निघाली किती? सा."

हे ती हसत सांगत होती. त्या मैत्रिणींशी पुन्हा कधी धड बोलले नाही, हेही तिने सहज सांगून टाकलं. म्हणजे खोटं मी बोललो आणि खोट्या ठरल्या त्या पोरी.

वीस होती, सारिका — एवढंच म्हणायचं होतं. ट्रक उभाच होता, वेळ होता. मी म्हणालो, "पोराला टोपी घाल, वारं लागेल."

शाळेतली मोजणी अजून मीच करतो. एकटा.