चित्राचा जबाब

खजुरीच्या पुढं, महाराष्ट्राची हद्द जिथं रस्त्याच्या डांबरावरूनच काय ती कळते, तिथल्या कर्नाटकातल्या एका वस्तीवर श्रीदेवी अंगणवाडी चालवते. लेकरं तिला अक्का म्हणतात, आणि त्यांच्या आयाही अक्काच म्हणतात. तिचे वडील लिंगाप्पा मेंढरं राखायचे. आता मेंढरं गेली आणि थोडी तुरीची जमीन राहिली. नवरा मल्लेश कलबुर्गीला डाळमिलमध्ये हमाली करतो, सुट्टीला घरी येतो. अंगणवाडीचं काम गेलं तर घर कशावर उभं राहायचं, हा विचारही श्रीदेवी करायची नाही.

तिला स्वतःला चित्र काढता येत नाही. शाळेत असताना तिनं पाटीवर बैलजोडी काढली होती. मास्तरांनी पाटी उंच धरून वर्गाला विचारलं, "ही कुत्री हायत का उंदरं?" वर्ग हसून लोळला. त्यानंतर तिनं फक्त ठिपक्यांची रांगोळी काढली, कारण ठिपके माणसाला चुकू देत नाहीत. पण म्हणूनच असेल, अंगणवाडीत कुठल्याही लेकराला "हे काय काढलंस?" असं तिनं कधी विचारलं नाही. ती शेजारी बसायची आणि म्हणायची, "हितं लै जोर लावलास की," किंवा "ही रेघ लांबवर पळायलीय बग." लेकरू खूश व्हायचं आणि आणखी काढायचं.

भाग्यवंती मात्र खूश व्हायची नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या नागेंद्रची ही पाच वर्षांची लेक. तिला सगळे भागू म्हणत. आई गेल्यापासून आजी शकुबाई तिला सांभाळायची. भागू फार कमी बोलायची. पाटीच्या कोपऱ्यात हरभऱ्याएवढं काहीतरी काढायची आणि कुणी बघायच्या आत तळहातानं पुसून टाकायची.

त्या वर्षी वस्तीचे पंचायत सदस्य सोमशेखर यांनी आपल्या आईच्या आठवणीसाठी अंगणवाडीची बाहेरची भिंत रंगवून दिली. पेंटर तालुक्याच्या गावाहून, आळंदहून आणला. भिंतीवर सफरचंद, द्राक्षं, पोपट, कन्नड मुळाक्षरं आणि खाली ठळक अक्षरांत आईचं नाव आलं. चित्रं सुबक होती. लेकरं एकदा बघून गेली, पुन्हा कुणी त्या भिंतीपाशी थांबलं नाही.

एका दुपारी श्रीदेवी आत अंडी सोलत होती. बाहेरचा कलकलाट एकदम थांबला म्हणून ती दारात आली. भागूनं चुलीतला विझलेला कोळसा मुठीत धरला होता. टाचा उंचावून, पोपटाच्या डोक्यापासून थेट खालच्या नावापर्यंत, ती काहीतरी मोठं, काळं काढत होती. त्याला खूप हात होते. बाकीची लेकरं श्वास रोखून बघत होती.

थांबवायला हवं, हे श्रीदेवीला कळलं. हाक मारली असती तर अर्धी भिंत वाचली असती. पण भागूचा खांदा, कोपर, पाठ, सगळं अंग त्या रेघेत गुंतलं होतं. पुसायला तळहात एकदाही पुढं आला नव्हता. श्रीदेवी हातातलं अंडं तसंच धरून उभी राहिली. तिनं भागूला पुरं करू दिलं.

भागू मागं सरकून भिंतीकडं बघत होती, तेवढ्यात मोटारसायकल थांबली.

"कुणाचं काम हाय हे?" सोमशेखर ओरडले. उत्तराची गरज नव्हती. त्यांनी भागूचा काळा हात मनगटाला धरून वर उचलला. "माझ्या आईच्या नावावर काजळी फासलीस व्हय गं?"

"अण्णा, हात सोडा तिचा," श्रीदेवी म्हणाली.

"तू कुटं हुतीस?"

"हितंच. मी बगत हुते. मीच काढू दिलं."

सोमशेखर हात सोडून खिशातला फोन काढत म्हणाले, "मग तुलाच बगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याहून सुपरवायझर मॅडम आल्या. अंगणात वस्ती जमली. शकुबाईनं सगळ्यांदेखत नातीला दोन चापट्या मारून आपल्याकडून मिटवून टाकलं होतं. नागेंद्र हात जोडून म्हणत होता, "लेकराची चूक हाय अण्णा. मी चुना मारून देतो."

मॅडमनी श्रीदेवीला बाजूला घेतलं. "तू आत होतीस, पोरीनं नजर चुकवून केलं, एवढं लिहून दे. इथंच संपवते."

"पण मी आत नव्हते मॅडम."

"श्रीदेवी, नोकरीचा प्रश्न आहे."

तिकडं सोमशेखर भागूसमोर उकिडवे बसले होते. आवाज उतरला होता. "काय काढलंस ते नीट सांग. माफ करतो."

सगळी वस्ती पुढं झुकली. कुणी म्हणालं भूत, कुणी म्हणालं राक्षस. शकुबाईनं डोळे वटारले. नागेंद्र खाली वाकला आणि लेकीच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, कुजबुजला, "अण्णाच्या आईचं चित्र काढलं मन की बाळा. नुसतं व्हय मन."

सोमशेखरांचा चेहरा क्षणभर हलला. एक "व्हय" आला असता तर भिंत, नोकरी, बापाची लाज, सगळंच वाचणार होतं. श्रीदेवीलाही वाटून गेलं, मन गं बाई, मनून टाक.

भागूनं मान हलवली. न्हाई.

"मग काय हाय ते?" सोमशेखर ताडकन उठले. "बोल की!"

भागूच्या पायाशी माती ओली झाली. कुणीतरी हसलं.

श्रीदेवी मॅडमना सोडून मधे आली आणि भागूला तिनं पाठीशी घेतलं. "चित्राचा जबाब घेऊ नका लेकराकडून. माझा घ्या. मी लिहून देते. मी बगत हुते, मी थांबवलं न्हाई. काय शिक्षा करायची ती मला करा."

तिला नोटीस मिळाली. पुन्हा तक्रार आली तर काम जाईल, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. त्याच दुपारी नागेंद्रनं भिंतीला चुना मारला. भागू उंबऱ्यावर बसून बघत होती.

पुढचे दिवस फार वाईट गेले. भागू यायची आणि हात मांडीखाली दाबून बसायची. खडू समोर ठेवला तरी तो तसाच राहायचा. आणि आता बाकीची लेकरंही विचारायला लागली. "अक्का, हितं काढू का?" "अक्का, झाड निळं चालतंय का?" "अक्का, हे चुकलं का?" नोटिशीपेक्षा श्रीदेवीला या प्रश्नांची धास्ती वाटली. हे प्रश्न तिच्या ओळखीचे होते.

तिचं घर अंगणवाडीला लागूनच होतं. एका सकाळी तिनं पडवीची मातीची भिंत शेण-मातीनं सारवली, वर पांढऱ्या मातीचा हात फिरवला. वाळल्यावर लेकरांना तिथं नेलं. "ही माझी भिंत हाय. हिच्यासाठी कुणाला इचारायचं न्हाई."

कुणी हललं नाही. सगळ्यांची नजर भागूकडं गेली, मग अक्काकडं.

म्हणजे पहिली रेघ आपणच ओढायची, हे श्रीदेवीला कळून चुकलं. तिनं कोळसा उचलला. तिनं मेंढरू काढायला घेतलं. पाठ झाली, पाय झाले, आणि मागून आवाज आला, "अक्का, हे मेंढरू हाय का खाट?"

लेकरं खिदळली. कोळसा खाली टाकावा आणि आत निघून जावं, असं श्रीदेवीला वाटलं. ती तशीच भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मग म्हणाली, "मलाबी कळंना झालंय. पाय तर खाटंचेच झालेत." आणि त्या खाटेला तिनं शेपूट काढलं. हसू आणखी वाढलं, पण आता तीही हसत होती.

हसू ओसरलं तरी ती काढतच राहिली, कान, डोळा, आणखी एक डोळा. तिच्या कोपराला काहीतरी लागलं. भागू उभी होती. तिनं अक्काच्या बोटांतून कोळसा काढून घेतला, मेंढराच्या पोटाखाली वाकली आणि एक लहानसा वाकडा गोळा काढला.

"पिल्लू," ती म्हणाली. "दूध प्यायलंय."

श्रीदेवीनं "शाब्बास" म्हटलं नाही. ती नुसती बाजूला सरकली आणि तिला जागा करून दिली. मागच्या पोरांनी कोळशाच्या टोपलीवर झडप घातली.

सोमशेखरांनी पेंटरला पुन्हा आणलं. पोपट पुन्हा बसला. अजूनही ते श्रीदेवीशी कामापुरतंच बोलतात. मॅडम मात्र पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा पाणी प्यायला म्हणून पडवीत थांबल्या, पेला रिकामा झाला तरी भिंतीकडं बघत थांबल्या, आणि मग गेल्या. नोटीस मागं घेतली गेली नाही. भागू आता शाळेत जाते. संध्याकाळी पडवीत येते, लहानांना कोळसा कुठून धरायचा ते न सांगता स्वतःचं काढत बसते.

दर पावसाळ्याआधी लेकरंच ती भिंत सारवतात. आपली चित्रं पुसली म्हणून एकही लेकरू रडत नाही. वाळायच्या आत भांडणं सुरू होतात, या वर्षी वरची जागा कुणाची. सुट्टीला आलेला मल्लेश शर्ट अडकवायला खुंटी शोधतो, तर तिचं कुणीतरी बोकडाचं नाक केलेलं असतं.