दुसऱ्या नंबरचा रणगाडा

आधीच सांगून टाकतो, मी रसायनशास्त्र शिकवतो. नांदेडला क्लासेसच्या गल्लीत माझी नीटची बॅच चालते. एका बाल्कनीत मेसचा बोर्ड, शेजारच्या बाल्कनीत टॉपर पोरांचे फोटो, अशी ही गल्ली. परीक्षेला जाताना पेनाला अंगारा लावणाऱ्या पोरांची मी वर्षानुवर्षं टर उडवत आलोय. भूतखेत, करणी, अंगात येणं… सगळ्याला माझं एकच उत्तर — "पुरावा दाखव." आता पुरावा माझ्याकडेही नाही, तेव्हा तुम्ही माझी टर उडवलीत तरी हरकत नाही.

गेल्या हिवाळ्यात स्कूटर घसरून पाय मोडला. दीड महिना प्लास्टर. सकाळी ऑनलाइन तास घ्यायचा, बायको शाळेवर गेली की दिवसभर भिंतीकडे बघत बसायचं. मला बसणं मानवत नाही. तास घेतानासुद्धा मी फळ्यासमोर येरझाऱ्या घालतो. शेवटी वेळ जावा म्हणून कॉम्प्युटरवर एम्युलेटर टाकला. म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे ते जुने कॅसेटवाले गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर. आणि पहिलाच गेम उघडला तो रणगाड्यांचा.

खेळ साधा. खाली मधोमध विटांच्या भिंतीत एक पक्षी. त्याला आम्ही 'घर' म्हणायचो. वरून शत्रूचे रणगाडे येणार, आपण घर राखायचं. दोघांनी मिळून खेळता येतं, पिवळा रणगाडा पहिल्याचा, हिरवा दुसऱ्याचा. गोची एकच — आपलीच गोळी चुकून घराला लागली तरी खेळ खलास.

लहानपणी लातूरला हिरवा रणगाडा दिगूचा असायचा. दिगू माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, निलंग्याकडच्या एका खेड्यातला. शाळेला दांडी मारून आमच्याकडे येऊन राहायचा. त्याची खेळायची तऱ्हा वेगळी होती. मी शत्रूवर धावून जायचो, हा घर सोडायचाच नाही. भिंतीला खिंडार पडलं की आपला रणगाडा त्या खिंडारासमोर आडवा लावायचा आणि हलायचा नाही. गोळ्या खाईल, पण जागा सोडणार नाही. मी चिडायचो, "अरे, पुढे जा की!"

भूकंपाच्या साली अनंत चतुर्दशीला सकाळी त्याची गोळी चुकून आपल्याच घराला लागली. आम्ही कधी नव्हे ते फार पुढे पोहोचलो होतो. मी त्याच्या हातातलं रिमोट हिसकावलं आणि ओरडलो, "घर पाडलंस! जा, तुझ्या गावाला जा!" तो पिशवी उचलून दुपारच्या एस.टी.नं गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला. त्यांच्या दगडमातीच्या घराखालून काकीला जिवंत काढलं. दिगूला नाही.

मी काय बोललो होतो ते आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

तर एम्युलेटर. जुन्या सवयीनं माझ्याकडून दोन खेळाडूंचा पर्याय दाबला गेला. हिरवा कोपऱ्यात उभाच राहणार होता, खेळवायला कोण होतं? तीनचार मिनिटं तसा राहिलाही. मग घराची डावी भिंत फुटली… आणि हिरवा सरकत आला आणि त्या खिंडारासमोर आडवा उभा राहिला.

मी आधी सेटिंग्ज उघडल्या. दुसऱ्या खेळाडूच्या रकान्यात एकही बटण नव्हतं. कीबोर्ड बदलला. इंटरनेट काढलं. सॉफ्टवेअर पुसून नव्यानं टाकलं. हिरवा तरीही भिंत फुटली की येऊन उभा राहायचा. चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. कुबड्या घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरायचो, परत येऊन बसायचो. प्लास्टरच्या आत पाय खाजायचा आणि खाजवता यायचं नाही, तसं डोक्याचं झालं होतं.

पाचव्या दिवशी काकी आल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोन आठवडे आमच्याकडे राहणार होत्या. ऑपरेशन झालं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी काळा चष्मा लावून त्या माझ्या मागे पलंगावर येऊन बसल्या. मी बंद करायला गेलो.

"चालू दे की. ह्ये कोन खेळून राहिलंय तुझ्यासंगं?"

"कुणी नाही, काकी. मशीन आहे."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मशीन व्हय? मग त्यो हिरवा घरापाशीच का हुबा ऱ्हातोय? माझा दिग्या असंच सांगायचा. अंगणात काडीनं आखून दावायचा. 'आई, दादा लढाया जातो, मी घर राखतो.'"

माझा हात कीबोर्डवरून खाली आला. आणि तीस वर्षं गिळलेलं सगळं बाहेर पडलं. मी हिसकावलेलं रिमोट, मी काय बोललो ते, त्याची पिशवी… बोलताना रडायला लागलो. चाळिशी उलटलेला माणूस, पाय स्टुलावर ठेवून, नाक पुसतोय. "काकी, मी हाकललं नसतं तर तो लातूरलाच राहिला असता."

काकींनी चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हटलं होतं.

"येडा हायस का रं संज्या? त्याला तर मी बोलावलं होतं. सकाळच्या गाडीच्या डायवरजवळ निरोप धाडला होता. इसर्जनाला ये म्हनून, न्हाईतर बाप चामडी लोळवंल म्हनून. सकाळी गाड्या बघाया स्टँडवर गेला तवाच मिळाला बी त्याला निरोप."

मला निरोपाचं माहीतच नव्हतं. दिगू मला काही बोलला नव्हता.

"भांडनाचं मला म्हनला न्हाई त्यो," काकी म्हणाल्या. "घरी आला तवा म्हनला, 'आई, दादा सोडतच नव्हता, लई मज्जा आली.' तवापासनं मी म्हनते, पोरगं तिथं सुखात खेळून राहिलं होतं आन् मी वढून आनलं…"

स्क्रीनवर पिवळा केव्हाच मेला होता. हिरवा उभा होता.

मी माऊसकडे हात नेला तर काकींनी मनगट धरलं. "बंद नको करू. मी हाय तवर ऱ्हाऊ दे."

पुढे त्या होत्या तितके दिवस रोज दुपारी आम्ही बसलो. मी खेळायचो, त्या बघायच्या. कधी त्याच्याशी बोलायच्या, "दमला असशील, बस घडीभर." मी मान वळवायचो नाही.

मग त्या गावी गेल्या, पुनर्वसनात मिळालेल्या घरी. त्याच दुपारी मी गेम लावला. भिंत फुटली, हिरवा हलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तेच सॉफ्टवेअर, त्याच सेटिंग्ज. आता प्लास्टर निघून कितीतरी महिने झाले. मी वेळा बदलून पाहिल्या, मुद्दाम स्वतःच भिंती फोडून पाहिल्या. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सहकाऱ्याला विचारलं, त्यानं तासभर तपासून खांदे उडवले. आधी का हलत होता ते मला कळत नाही, आणि आता का हलत नाही तेही कळत नाही. मला तरी स्पष्टीकरण सापडलेलं नाही.

काकींचा फोन दर रविवारी येतो. तब्येत, पाऊसपाणी, सुनेची विचारपूस होते. फोन ठेवता ठेवता त्या आवाज बारीक करून विचारतात, "खेळतोय न्हवं त्यो?"

मी म्हणतो, "हो काकी. रोज."