स्पेनच्या बाईने वाचलेला कागद

प्रुदेन्सिया उआराची हिच्याशी दोन शब्द बोलायचे, तर आधी चार शब्द भांडावं लागे. ओरुरो या खाणींच्या शहरातल्या विद्यापीठात हे शिपायापासून डीनपर्यंत सगळ्यांना कळून चुकलं होतं. आठव्या वर्षी गोवराने तिचे डोळे गेले. त्याचं रडगाणं तिने कधी गायलं नाही, पण कुणी कीव केली की त्याची खैर नसे. तिला "बिचारी" म्हणणाऱ्या एका प्राध्यापकाला तिने भर जिन्यात विचारलं होतं, "तुमच्या तासाला अख्खा वर्ग झोपतो म्हणे. मग बिचारं कोण?"

कायदा शाखेच्या तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली तिच्या ताब्यात होती. चार जुने कॉम्प्युटर, एक स्कॅनर, आणि भिंतींना बारा महिने गारठा. पडद्यावर जे असेल ते मशीन बोलून दाखवी. तो आवाज स्पेनमधल्या कुठल्याशा बाईचा. आपल्याकडच्या आडनावांची ती अशी काही वाट लावायची, की मुलं हसून बेजार होत. प्रुदेन्सिया तिला इतक्या वेगाने बोलायला लावी, की डोळस माणसाला नुसती भुणभुण ऐकू येई.

ही खोली तिला कुणी ताटात वाढून दिलेली नव्हती. अकरा वर्षं अर्ज, अकरा वर्षं खेटे. आता तिथे चौदा अंध विद्यार्थी येत. त्यांना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावी, "दुसऱ्याने वाचून दाखवलेल्या कागदावर सही करायची नाही. सख्ख्या आईने वाचला तरी नाही."

त्या चौदांत सगळ्यात थोराड कासियानो चोके. वय एक्केचाळीस, पूर्वीचा खाणकामगार. सुरुंग अवेळी उडाला आणि त्याचे डोळे गेले, तेव्हा तो कायदा शिकायला आला. पदवीच्या शेवटच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता, कारण दोन्ही वेळा त्याला प्रश्न वाचून दाखवायला माणूस दिला होता. पहिला जांभया देत देत निम्म्या ओळी गिळायचा. दुसऱ्याने तर मागचं पान उलटलंच नाही. तिसरी संधी शेवटची. ती कार्निव्हल संपल्यावरच्या गुरुवारी होती, आणि या खेपेला प्रुदेन्सियाने मांडवली केली नाही, सरळ लेखी हुकूम आणला होता: कासियानो याच खोलीत, याच मशीनवर पेपर देणार.

आणि नेमकी हीच खोली रेम्बेर्तो सालासच्या डोळ्यांत सलत होती. तो शाखेचा कारभारी. त्याहून मोठा मान म्हणजे शाखेच्या नृत्यपथकाचा प्रमुख. शिंगं, सर्प, काचेचे डोळे असलेले राक्षसांचे साठ मुखवटे ठेवायला त्याला कोरडी जागा हवी होती. ओरुरोत मुखवट्यासाठी लोक घर गहाण टाकतात. चार आंधळ्यांच्या खोलीची तिथे काय पत्रास!

कार्निव्हलच्या आदल्या शुक्रवारी सगळ्या कचेऱ्यांची चाल्या असते. टेबलं, कपाटं, कॉम्प्युटर, सगळ्यांना कागदी फिती गुंडाळायच्या, चारी कोपऱ्यांत धरणीमातेला, आमच्या पाचामामाला, बीअर शिंपायची, आणि मग कुणी ग्लास पुढे केला की तो रिकामा करायचा. नाही म्हणणं म्हणजे माणसाचा आणि मातेचा, दोघांचाही अपमान. त्या दिवशी कामावर दारू प्यायला बंदी असते, आणि त्या दिवशी कामावर सगळेच पितात.

दुपारी तुताऱ्या वाजवत वरात खोलीत शिरली. पुढे रेम्बेर्तो, मागे डीनबाई, त्यांच्या मागे पंधरा-वीस माणसं. कासियानो कानाला हेडफोन लावून सराव करत बसला होता.

"मशीनवर थेंब पडला तर हात तोडीन," प्रुदेन्सिया म्हणाली.

"अहो प्रुदेन्सियाबाई, सणाचा दिवस आहे. घ्या, माझ्याकडून!" रेम्बेर्तोने तिच्या हातात ग्लास दिला. "आणि हा एक कागद. दोन नवे हेडफोन मिळाल्याची पोच. इथे, माझ्या बोटापाशी सही."

प्रुदेन्सियाने ग्लास घेतला आणि सगळाच्या सगळा जमिनीवर ओतला. "मातेला आज फार तहान लागलीय. आणा तो कागद."

"मी वाचून दाखवतो ना."

"तुम्ही कशाला घसा कोरडा करता? माझी बाई आहे की."

तिने कागद स्कॅनरमध्ये ठेवला, कासियानोच्या मशीनचा हेडफोन उपटला, आवाज मोठा केला आणि वेग कमी केला. इतका कमी, की डीनबाईंनाही एकेक शब्द कळावा. तुताऱ्या थांबल्या.

स्पेनची बाई शांतपणे वाचू लागली. तळमजल्यावरची खोली येत्या बुधवारपासून नृत्यपथकाच्या ताब्यात देण्यात येत आहे. वापरात नसलेली उपकरणं तळघरात हलवावीत. खोलीच्या प्रमुखांनी यास गेल्या वर्षीच लेखी संमती दिली असून तिची प्रत मागे जोडली आहे.

"हेडफोन कुठे आले यात?" कासियानोने विचारलं.

प्रुदेन्सियाने मागचं पान काचेवर ठेवलं. बाईने संमतीचा मजकूर वाचला, खालचं प्रुदेन्सियाचं नाव वाचलं, मग तारीख वाचली. गेल्या वर्षीच्या चाल्याचा शुक्रवार.

प्रुदेन्सियाला आठवलं. चार ग्लास झाले होते, पाचवा रेम्बेर्तोने हातात दिला होता, आणि "कोण कोण आलं त्याची यादी आहे, करा सही" म्हणत पेनही त्यानेच दिलं होतं. जगाला शहाणपण शिकवणाऱ्या बाईने हसत हसत सही ठोकली होती. तिला रेम्बेर्तोची चीड आली, पण त्याच्या दसपट स्वतःची आली.

"आज सही केली नाहीस तरी चालेल," रेम्बेर्तो एकदम अगंतुगंवर आला. "पहिली आहेच."

"मास्तरीणबाई," कासियानो हळूच म्हणाला, "शुद्धीत नसताना घेतलेली सही टिकत नाही. पण शुद्धीत नव्हतो हे लिहून द्यावं लागतं. तेही कामावर असताना."

"म्हणजे हिची नोकरी जाईल," रेम्बेर्तो हसला. "लिही, लिही!"

"ऊठ, भाऊ," प्रुदेन्सिया कासियानोला म्हणाली आणि त्याच्या खुर्चीत बसली. तिची बोटं धडाधड चालू लागली, आणि ती टाइप करेल तसं बाई सगळ्यांना ऐकवू लागली. त्या दिवशी मी कामावर असताना प्यायलेली होते. ग्लास रेम्बेर्तो सालास यांनी भरले. तिसरा ग्लास डीनबाईंनी स्वतः मला आग्रहाने दिला.

"अगं, माझं नाव कशाला मध्ये?" डीनबाई ओरडल्या.

"चव आठवली म्हणून."

"कार्निव्हल आहे, प्रुदेन्सिया! इतकं मनावर घेतात का?"

"मुखवटे तुमच्या घरी ठेवा, मग मीही मनावर घेणार नाही."

तिने कागद छापला, सही केली आणि उठून डीनबाईंच्या हातात खुपसला. वरात आली तशी निघून गेली, पण वाजवत नाही. जाताना रेम्बेर्तोने एका मशीनवर उरलेली बीअर उपडी केली. ते पुन्हा सुरू झालं नाही.

मुखवट्यांचा विषय मात्र परत कुणी काढला नाही. तो कागद रेक्टरपर्यंत जाऊ नये म्हणून डीनबाईंनी खोलीला हात लावू दिला नाही. गुरुवारी कासियानोने उरलेल्या तीनपैकी एका मशीनवर पेपर लिहिला आणि पास झाला. रेम्बेर्तोला तोंडी समज मिळाली. प्रुदेन्सियाला ईस्टरच्या आठवड्यात कामावरून काढलं. कारण कामावर मद्यपान, पुरावा तिचंच पत्र. ग्लास भरणाऱ्यांची नावं असलेल्या ओळी तेवढ्या त्या प्रतीत नव्हत्या.

मे महिन्यात ती पेन्शनचा एक कागद स्कॅनरवर ऐकायला तिथे गेली. दारावर नवा माणूस होता.

"खोली फक्त विद्यार्थ्यांसाठी आहे, मावशी. ओळखपत्र?"

प्रुदेन्सियाने कागदाची घडी करून खिशात टाकली.

"बरोबर," ती खेकसली. "मला आत सोडलं असतंस, तर तुझीच तक्रार केली असती."