चूलबंद

आमच्याकडे लग्नाचं आवतन दोन तऱ्हेचं. एक, घरातल्या एकाच माणसाला. दुसरं चूलबंद, म्हणजे सगळं घर जेवायला या, त्या दिवशी तुमची चूल पेटायची नाही. चूलबंद सांगितलेल्या घरातून धूर निघाला तर तो आवतन देणाऱ्याचा अपमान.

मी अहेरीला शाळेत शिकवायची, ती शिवणकाम करायची. एका खोलीत, एका स्टोव्हवर आमचा संसार चालला होता. संसारच म्हणते, दुसरा शब्द कशाला शोधू? पण मोहल्ल्यात कुणाकडे लग्न निघालं की मला वेगळं आवतन, तिला वेगळं. दोघी भाडेकरू, दोन सुटी माणसं. मी हसण्यावारी न्यायची. तिला ते जमायचं नाही.

एका पावसाळ्यात मला मलेरिया झाला आणि डोक्यात गेला. तिनंच जीपमध्ये घालून चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. तिथं विचारलं, पेशंटचे नातेवाईक कोण? ती म्हणाली, मी. नातं काय? तिला सांगता येईना. घुग्घुसच्या खाणीतली शिफ्ट सोडून माझा भाऊ येईपर्यंत तिला बाहेर बाकावर बसवून ठेवलं. हा भाऊ कित्येक वर्षं माझ्याशी बोलत नव्हता, पण सही त्याचीच चालली.

मी बरी झाले तशी तिनं हट्ट धरला, आपण कायद्यानं लग्न करू. मी म्हटलं, डोकं फिरलंय तुझं. तरी गेलो चंद्रपूरला एका वकिलाकडे. माणूस भला होता. हसला नाही, चहा पाजला आणि म्हणाला, कायद्यात अशी सोय नाही, मृत्युपत्र तेवढं करून ठेवा. म्हणजे मेल्यावर आम्ही एकमेकींच्या, जिवंतपणी कुणीच नाही. एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली, ती आलापल्ली येईपर्यंत.

घरी आल्यावर तिनं सरळ जाऊन घरमालकीणबाईंना सगळं सांगितलं. लग्न झालेल्यांसारख्या राहतो, वकिलाकडेही जाऊन आलो. मला विचारलंसुद्धा नाही. मी अशी संतापले की दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. बाईंनी ऐकून घेतलं. खोली सोडा म्हणाल्या नाहीत, पण आमच्या दारात पाऊल टाकणं बंद केलं.

पुढे त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. मांडव आमच्याच अंगणात पडला. मोहल्ल्यात दारोदार कुंकू लावून आवतन झालं, आमचं दार तेवढं राहिलं. या वेळी वेगवेगळंही नाही. लग्नाच्या सकाळी ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. मांडवातून फोडणीचा वास येत होता. गेलं खड्ड्यात ते जेवण, म्हटलं, आणि रागारागानं स्टोव्हला पंप मारून भात चढवला.

भाताला उकळी आली आणि बाई दारात. हात हळदीनं पिवळे, त्यात कुंकवाची वाटी. आत आल्या, मला कुंकू लावलं, तिला उठवून लावलं. मग वाकून स्टोव्हची किल्ली सैल केली. हवा गेली, स्टोव्ह विझला.

"इतके दिवस विचार करून राह्यली होती," त्या म्हणाल्या. "तुमचं मले समजत नाई. अजूनबी नाई. पण चूल एकच हाये ना? मंग चूलबंद हाये तुमची."

ती हुंदके देऊन रडली. मलाही रडू आलं, पण रागाचं. बोटभर कुंकवाला एवढे दिवस! मग पंगतीत शेजारी बसून पोटभर जेवलो. अर्धाकच्चा भात गाईला घातला.

काही वर्षांनी तिलाच चंद्रपूरला भरती करावं लागलं. तोच दवाखाना. नातं काय, विचारलं. मी म्हटलं, आमची चूल एक आहे. त्या माणसानं मान वर केली नाही. भाऊ, वडील, कुणी आहे का, म्हणाला. मी बाहेर जाऊन बाकावर बसले.