दुसऱ्या भागाचा प्रेक्षक

रत्नागिरीच्या थिएटरात दुपारच्या खेळाला ते माझ्या शेजारी बसले होते. साठीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. मी एका साप्ताहिकात सिनेमाची परीक्षणं लिहितो, म्हणून आलो होतो. जग नष्ट झाल्यावरच्या हाणामारीच्या सिनेमाचा हा दुसरा भाग होता.

"पहिल्या भागात जग संपलं होतं ना?" त्यांनी विचारलं. "मग आता काय संपवायचं राहिलंय?"

पडद्यावर उरलीसुरली माणसं एका विहिरीसाठी एकमेकांचे गळे कापत होती. प्रत्येक वेळी ते 'च्च' करून चष्मा काढत, पुसत आणि पुन्हा लावत. जणू चूक काचेचीच होती.

मध्यंतरात मी जरा शिष्टपणे म्हणालो, "समीक्षकांनी फार नावाजलाय. संकटात माणूस खरा कसा असतो, ते दाखवलंय म्हणतात." मीही तेच लिहिणार होतो.

"त्यांच्या घरात कधी पाणी शिरलेलं दिसत नाही," ते म्हणाले. "चिपळूणला माझ्या दुकानात छातीभर पुराचं पाणी होतं. ओसरल्यावर पहिला आला तो शेजारी. बारा वर्षं आमचं बोलणं नाही. हातात फावडं."

"मारायला?"

"चिखल काढायला हो! चार दिवस उपसत होता. तोंडातून शब्द नाही."

माझं परीक्षण तिथेच बारगळलं.

"आता तरी बोलता ना त्यांच्याशी?"

"छे! कुंपणाची केस चालू आहे. आज इथल्या कोर्टात तारीख होती," पिशवीतल्या शेंगा माझ्यापुढे करत ते म्हणाले. "सकाळच्या एसटीत माझ्यासाठी जागा मात्र त्यानेच धरली होती."