पांढऱ्या घोडीचं काळं शिंगरू

आमच्या गोठ्याच्या पत्र्याच्या दारावर मी एकदा खडूनं एक चौकट काढली. चार घरांची, वाटाण्याच्या धड्यात असते तीच. बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवतेय, ती चौकट मी झोपेतसुद्धा काढीन. त्या चौकटीनं एका माणसाला चोर ठरवलं, आणि ती काढणारी मी होते.

दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, पुणतांब्याला शेती आहे. ऊस, थोडा कांदा आणि वरातीसाठी ठेवलेली एक पांढरी घोडी. आमच्याकडे आली तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि तिच्यासोबत तिला सांभाळणारे मामाही आले. नात्यातले नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. पहिल्या मालकाकडे तिचा जन्म त्यांच्याच हातावर झालेला. त्या मालकानं घोडी विकली तशी मामांनी वळकटी उचलली आणि तिच्या टेम्पोत चढले. बायको वारलेली, लेक सुप्याकडे दिलेली. गोठ्याशेजारच्या खोलीत राहायचे. घोडीशी भरपूर बोलायचे, माणसांशी बेताचंच. दर अमावस्येला कडुलिंबाच्या पाण्यानं तिची शेपटी धुवायचे, मग ती उचलून खाली बोटांनी चाचपत बसायचे. दादा चिडवायचा, "मामा, झाली का अमुशाची पूजा?" ते नुसते हसायचे. नजर काढायचा काहीतरी प्रकार असेल असं आम्ही धरून चाललो होतो.

पाच वर्षांनी दादाच्या मनात आलं की घरचंच एक पांढरं शिंगरू हवं. नेवाशाकडे एकाचा पांढराशुभ्र घोडा होता. ऊसतोड चालू होती, दादाला हलता येईना, म्हणून मामा एकटेच घोडी दाखवून आणायला गेले. पुढच्या माघात शिंगरू झालं. काळं कुळकुळीत.

कॉलेजातून आले तर गोठ्यात अर्धी गल्ली जमलेली. दादा तोंड पाडून उभा. "तायडे, तू शिकवतीस ना हे? दोन्ही पांढरी आन् पोटी काळं, आसं हुतं का?"

मला किती बरं वाटलं ते सांगायला लाज वाटते. घरात माझं शास्त्र कुणी विचारायची ती पहिलीच वेळ. पर्समधला खडू काढून मी दारावर धडाच घेतला. पांढरा रंग दबून राहणारा, आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसणार. दोघं पांढरे, म्हणजे चारही घरं पांढरी. काळ्याला इथे जागाच नाही.

मामा मागे उभे होते. म्हणाले, "बाई, ही बी जन्मली तवा काळीच हुती. मी पुसलीया तिला. मागनं पांढरी पडली."

मी हसले. "मामा, केस पिकायला ती काय म्हातारी आहे?"

सगळी गल्ली हसली. दादानं घोड्याच्या मालकाला फोन लावला. तो म्हणाला, आमचाच घोडा, देवाशपथ. "त्यो आसंच म्हननार," दादा म्हणाला. मामा वाटेतच कुठंतरी थांबले आणि कुणाच्या तरी तट्टाशी गाठ घालून परत आले, आणि दादानं दिलेले पैसे त्या घोडेवाल्याबरोबर वाटून घेतले, असं ठरलं. मामांना वाचता येत नव्हतं. ते त्या चौकटीकडे बराच वेळ बघत राहिले.

"बाई शिकलेल्या हायेत," ते म्हणाले. "पन मी खोटं बोललो न्हाई."

सकाळी खोली रिकामी होती. घोडीचं अंग घासायचा खरारा खुंटीला टांगलेला होता.

ज्येष्ठात शिंगराच्या डोळ्यांभोवती पांढरी कडी दिसायला लागली. मला वाटलं चुना लागलाय. पदराचं टोक ओलं करून पुसलं. निघेना. ते केसच पांढरे होते.

त्याच संध्याकाळी मी मोबाईलवर वाचत बसले. घोड्यात रंग पिकवणारा एक गुण असतो. तो दबून राहत नाही, उलट दुसऱ्याला दाबतो. आईबापांपैकी एकाकडूनच आला तरी पुरतो. अशी शिंगरं जन्मतात काळी किंवा तांबडी, आणि वर्षावर्षानं पांढरी होत जातात. कातडी मात्र काळीच राहते. जन्माची पांढरी असतात त्यांची कातडी गुलाबी. आमच्या घोडीचं नाक काळं, ओठ काळे. धुतली की ती निळसर दिसायची. सहा वर्षं डोळ्यांसमोर होतं ते, आणि मी घोड्याला वाटाण्याचा न्याय लावून मोकळी झाले होते.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "आता गप ऱ्हा. गेला माणूस." आणि मी गप्प राहिले. ओल्या फडक्यानं दार पुसलं. बाई चुकल्या हे गल्लीत कोण सांगणार? मी पळपुटी निघाले, दुसरा शब्द नाही.

पुढच्या माघापर्यंत शिंगराचं तोंड राखेच्या रंगाचं झालं, तेव्हा कुठे मी सुप्याची एसटी धरली. लेकीच्या घरी कळलं, मामा एका कंपनीच्या गेटवर आहेत. निळा गणवेश, गळ्यात शिट्टी. मला बघून उठून उभे राहिले. रस्ताभर जुळवलेली माफी मी एका दमात बोलून टाकली.

त्यांनी ऐकून घेतली. मग विचारलं, "शेपटीखाली बघतंय का कुनी?"

मला समजेना.

"पांढऱ्या पडत्यात त्यांना तितं गाठी येत्यात, बाई. काळ्या. मी दर अमुशाला बघायचो. वाढली की डागदराला दाखवायची, आसं ठरवलं हुतं."

"आम्हाला कधी बोलला नाहीत?"

"कळलं आसतं तर दादांनी इकली आसती तिला. आन् पोरगीवानी वाढवल्याली. जाताना सांगायचं हुतं. पन माझं कोन खरं धरनार हुतं?"

घरी पोहोचले ती थेट गोठ्यात गेले. सात वर्षांत मी पहिल्यांदा त्या घोडीची शेपटी उचलली. हरभऱ्याएवढ्या चार गाठी आणि खाली एक मोठी, वरून फुटलेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. पिकलेल्या घोड्यांना बहुधा हे होतंच म्हणाले, पांढरेपण आणि गाठी, दोन्ही एकाच गुणाची लेकरं. गाठ लहान असती तर काढली असती. आता मुळं आत गेलीत.

मामांना फोन लावला. त्यांनी विचारलं, "मोठी केवढी हाय?"

"लिंबाएवढी."

पलीकडे गेटवर ट्रकचा हॉर्न वाजत होता.

"मी निघालो तवा," ते म्हणाले, "ज्वारीच्या दान्याएवढी हुती."