बंदुकीवरचं नाव

थोरला भाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शहाद्याच्या शाळेत फळ्यावर गणित मांडत होतो. खडू खाली ठेवला आणि धानोऱ्याला जाण्यासाठी एस.टी.त बसलो. वाटेत रडू येईल असं वाटलं होतं... आलं नाही. मनात एकच विचार होता, आता ती बंदूक कुठे असेल? गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण दादा जिवंत असताना मी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं, तेव्हा राहिलेलं आता बोलतो.

आमचे आजोबा संस्थानच्या रिसाल्यात स्वार होते. गावी परतले ते घोड्यावरून झाडायची आखूड बंदूक घेऊन. तिच्या दस्त्यात सात काडतुसं एकामागे एक बसत आणि चापाखालचा दांडा ओढला की पुढचं काडतूस आपोआप वर येई. काडतुसं माझ्या जन्माआधीच मिळेनाशी झालेली. गाव मात्र तिला भंगार म्हणून हसायचं, "डोकरानी कबाडमाईन उचली." आजोबा चिडत नसत. चापावरच्या पट्टीवर बारीक, झिजलेली इंग्रजी अक्षरं होती, गावात कुणालाच न लागणारी; त्यांवर बोट ठेवून म्हणत, "हाई मन्ही पलटण शे. वाचनारा भेटी तव्हय बोला." तो वाचणारा भेटण्याआधीच ते वारले.

वाटणीच्या वेळी मी नदीकडचा मळा निमूट सोडला आणि फक्त बंदूक मागितली. "परवाना मन्हा नाववर शे," म्हणून दादाने ती उचलली. बंदुकीशी त्याला काडीचं देणंघेणं नव्हतं. मला हवी होती, म्हणून त्याला हवी झाली. लहानपणी माझा पतंग, माझं वासरू, सगळ्याचं असंच झालेलं.

मग माझ्या ओळखीने बडोद्याचे एक गृहस्थ आले, जुन्या शस्त्रांचे शौकीन. अपमान गिळून मीच त्यांना दादाच्या ओसरीवर नेलं. सारा गाव जमला होता. बंदूक हातात घेताच त्यांचा चेहरा उजळला. घोडदळाच्या अशा बंदुका आता बघायलाही मिळत नाहीत, म्हणाले. भिंग काढून ते पट्टीवर वाकले. "पलटणीचा शिक्का इथेच असतो. तो गेल्यावर ही कुठल्या पलटणीची, कसं सांगू? हे कोणी ठोकलं?"

पट्टीवर ठसठशीत ठिपक्यांत दादाचं नाव होतं, 'नथू दगा पाटील, धानोरे'. आमच्याकडे वाटणी झाली की ज्याच्या त्याच्या भांड्यांवर नावं घालून घेतात, उद्या हंड्या-परातींवरून भांडण नको म्हणून. मी पुन्हा बंदूक मागेन या धास्तीने दादाने यात्रेत हंड्यांबरोबर तीही नाव घालणाऱ्यापुढे ठेवली होती.

"मी टाकं," तो छाती काढून म्हणाला. "भांडासवर टाकतस, तसंच." मग माझ्याकडे वळला. "आते कोन म्हनी, तुन्ही शे?"

पाहुण्यांनी चहा अर्धाच ठेवला. ओसरीवर कुणीतरी फिसकन हसलं आणि आजोबा गावात कायमचे खोटे ठरले. त्या दिवसापासून मी दादाशी बोललो नाही. त्याला माफही केलं नाही, आणि आता तो गेला म्हणून करणार नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी बंदूक धोतरात गुंडाळून आणली. "भाऊ, हाई तुम्हनीच व्हती. लई जा." परवाना दादाचा होता म्हणून आधी ठाण्यात नेली, तर काडतुसंच मिळत नाहीत म्हणून त्यांनीही ती शोभेची वस्तू ठरवून सोडून दिली. घरी येऊन दांडा ओढला. खट्ट... आजोबांच्या हातात व्हायचा तोच आवाज. तेव्हा मात्र डोळे भरून आले, आणि तेही दादासाठी नव्हे.

दुसऱ्याच दिवशी नाव घासून काढायला ती लोहाराकडे नेली. त्याने पट्टी उजेडात धरली. दादाच्या ठिपक्यांमधून जुन्या शिक्क्याची दोन अक्षरं अजून डोकावत होती. "गुर्जी, नाव घासं ते ह्या बी जातीन," तो म्हणाला.

बंदूक तशीच परत आणली. माझ्या खोलीत ती भिंतीला टेकून उभी आहे, दादाच्या नावासकट. यंदा दसऱ्याला शस्त्रपूजा माझ्या घरी होईल. हळदकुंकू त्या पट्टीवरच वाहावं लागेल, त्याला इलाज नाही. झेंडूची फुलं मात्र मी भरपूर आणणार आहे, त्याचं नाव झाकेल इतकी.